महाकाय राखणदार कुत्रा घरी आणताना आणि सांभाळताना

कांगाल, कॉकेशियन शेफर्ड, तिबेटन मास्टिफ, ग्रेट पिरनीज, बुलमास्टिफ, इंग्लिश मास्टिफ. या जातींचं पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम अर्धा-पाऊण किलोचं असतं. दीड-दोन वर्षांत त्याचं ५०-६० किलोचं जनावर होतं आणि इंग्लिश मास्टिफचा नर तर ९० किलोच्या आसपासही पोहोचतो. परक्याकडे संशयाने बघणं या कुत्र्यांच्या रक्तातच असतं. त्यामुळे एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा: राखण कशी करायची हे त्यांना शिकवावं लागत नाही, कुठे राखण करायची गरज नाही हे शिकवावं लागतं. आणि ते पिल्लू ८-१० किलोचं असतानाच शिकवायचं. ६० किलोच्या कुत्र्याला निव्वळ ताकदीवर आवरणं धडधाकट माणसालाही जमत नाही.

पायरी १: जातीचं मूळ काम समजून घ्या

दिसायला सगळेच थोराड असले तरी यांत दोन वेगळ्या घडणी आहेत.

पहिली घडण कळप राखणाऱ्यांची. तुर्कस्तानातल्या सिवास भागातला कांगाल, फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरच्या डोंगरांतला ग्रेट पिरनीज, कॉकेशियन शेफर्ड आणि नावात मास्टिफ असला तरी तिबेटन मास्टिफ हे या गटातले. धनी जवळ नसतानाही मेंढरांबरोबर राहायचं, रात्रभर जागं राहायचं आणि लांडगा आला तर काय करायचं ते स्वतःच ठरवायचं, असं यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. म्हणून यांना हाक मारली की ते आधी तुमच्याकडे बघतात, विचार करतात, मग यायचं की नाही ते ठरवतात. याला हट्टीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, कारण याच स्वभावासाठी माणसाने त्यांना निवडून वाढवलं आहे. रात्री भुंकणं हाही त्याच कामाचा भाग. शेजार चिकटून असेल तर या गटातला कुत्रा आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी घडण मास्टिफांची. बुलमास्टिफ १९व्या शतकात इंग्लंडमध्ये तयार झाला, तो मोठ्या जमीनदारांच्या रानात चोरून शिकार करणाऱ्यांना फाडून न टाकता खाली पाडून धरून ठेवण्यासाठी. हे कुत्रे माणसाला अधिक चिकटून असतात आणि कमी भुंकतात. पण लाळ खूप गाळतात, आणि आखूड तोंडामुळे उकाडा त्यांना फारसा सोसत नाही.

दोन्ही गटांत चांगला राखणदार चावून नाव कमावत नाही. नामिबियात चित्त्यांच्या संवर्धनासाठी काम करणारी एक संस्था १९९४पासून पशुपालकांना कांगाल आणि त्याच्या जवळच्या जातींचे कुत्रे देत आली आहे. कुत्रा कळपाजवळ उभा राहून भुंकतो, चित्ता बहुतेक वेळा वाट बदलतो. शेळ्या वाचतात आणि शेतकऱ्याच्या गोळीपासून चित्ताही वाचतो. तुमच्या दारातल्या कुत्र्याकडूनही एवढंच अपेक्षित ठेवा. त्याला हल्ला करायला ‘तयार’ करून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. तसा कुत्रा सगळ्यात आधी घरच्यांनाच धोकादायक ठरतो.

अनेक देशांत आणि गृहसंकुलांत काही जातींवर बंधनं असतात. पिल्लू बघायला जाण्याआधी तुमच्याकडचे नियम तपासा.

पायरी २: पिल्लू निवडताना आई-बाप बघा

रंग आणि केस नंतर. आई-बापांच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे काढले आहेत का, हृदयाची तपासणी झाली आहे का, घराण्यात कुणी पोटाला पीळ पडून (पायरी ८ बघा) दगावलं होतं का, हे विचारा. आईला प्रत्यक्ष भेटा. ती अनोळखी माणसाजवळ सावध राहिली तरी चालेल, पण घाबरून मागे सरकणारी किंवा सतत अंगावर धावून येणारी असेल तर ते पिल्लू घेऊ नका. ८ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नका.

पायरी ३: कुंपण आधी, पिल्लू नंतर

किमान ६ फूट उंच, भक्कम आणि खालून उकरून निघता येणार नाही असं कुंपण हवं. फाटकाची कडी नाकाने किंवा पंजाने उघडणारी नको. शक्य असल्यास आत आणखी एक फाटक बसवा, म्हणजे एक उघडं राहिलं तरी कुत्रा रस्त्यावर जाणार नाही.

साखळीला बांधून ठेवणं हा पर्याय समजू नका. बांधलेल्या कुत्र्याला पळून जायचा मार्ग नसतो, त्यामुळे जवळ येणारा प्रत्येक जण त्याला धोका वाटू लागतो आणि तो अधिकाधिक आक्रमक होत जातो.

घरात गुळगुळीत फरशीवर न सरकणाऱ्या चटया अंथरा. वाढत्या वयात पाय घसरत राहणं सांध्यांना वाईट. झोपायला जाड गादी द्या, नाहीतर एवढ्या वजनाने कोपरांवर घट्टे पडतात, कधी त्यात पाणीही भरतं.

पायरी ४: सावकाश वाढवा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही प्रेमापोटी. पिल्लू लवकर मोठं दिसावं म्हणून भरपूर खाऊ घालतात, हाडं मजबूत व्हावीत म्हणून वर कॅल्शियमच्या गोळ्या देतात. मोठ्या माणसाचं किंवा प्रौढ कुत्र्याचं शरीर जास्तीचं कॅल्शियम बऱ्याच अंशी बाहेर टाकतं. साधारण ६ महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते जमत नाही, पोटात जाईल त्यातलं बरंचसं रक्तात उतरतं. त्यामुळे हाडांची आणि कूर्चेची घडण बिघडते. पाय वाकडे होतात, सांधे दुखू लागतात. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी म्हणून बनवलेलं संतुलित खाद्य देत असाल, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वरून कॅल्शियम देऊ नका. घरचं अन्न द्यायचं असेल तर पशुआहार जाणणाऱ्या डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घ्या, अंदाजाने देऊ नका.

वाढीच्या काळात पिल्लू सडपातळच दिसलं पाहिजे. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की सहज हाताला लागाव्यात, आणि वरून बघितल्यावर कंबर दिसावी. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात ४८ लॅब्रॅडोर कुत्र्यांच्या जोड्या लावून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं होतं. कमी खाणारे कुत्रे सरासरी जवळपास २ वर्षं जास्त जगले आणि त्यांना सांध्यांचा त्रासही उशिरा सुरू झाला. ज्या जातींचं आयुष्यच अनेकदा ८-१० वर्षांचं असतं, त्यांच्या बाबतीत हे विसरून चालणार नाही.

प्रौढ कुत्र्याला किती खाणं लागतं याबद्दलही गैरसमज असतो. वजन सहापट म्हणजे खाणं सहापट असं होत नाही. १० किलोच्या कुत्र्याच्या तुलनेत ६० किलोच्या कुत्र्याची ऊर्जेची गरज साधारण पावणेचार ते चारपट असते. दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत विभागून द्या. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले गोड पदार्थ अजिबात नकोत. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात.

पायरी ५: पहिले तीन-चार महिने जग दाखवा

पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं तो काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. याच काळात लसीकरणही अपुरं असतं, म्हणून लोक पिल्लाला घरातच ठेवतात. मग पुढे छत्री उघडली तरी दचकणारा ५० किलोचा कुत्रा तयार होतो. मधला मार्ग असा, की पिल्लाला उचलून किंवा गाडीत बसवून बाहेर न्यायचं आणि जिथे भटके कुत्रे येतात तिथे जमिनीवर सोडायचं नाही. लस पूर्ण झालेल्या, शांत स्वभावाच्या कुत्र्यांशी भेट घालून द्या. टोपीवाले, दाढीवाले, काठी टेकत चालणारे, रडणारी मुलं, सायकली, हॉर्न हे सगळं लांबून, हळूहळू आणि खाऊच्या सोबतीने दाखवा. पिल्लू घाबरलं तर जबरदस्ती न करता अंतर वाढवा.

पिल्लाला हसत हसत करू दिलेली कोणतीही गोष्ट पुढे पूर्ण वजनानिशी तुमच्या अंगावर येणार आहे. म्हणून अंगावर उडी मारली की लक्ष द्यायचं नाही, चारही पाय जमिनीवर असले की कौतुक करायचं. पट्टा ताणला की थांबायचं, सैल झाला की पुढे चालायचं. खाण्याच्या भांड्याजवळ जाताना दरवेळी त्यात काहीतरी आणखी चांगलं टाकायचं, म्हणजे भांड्याकडे येणारा हात हिसकावून घेणारा वाटत नाही. पंजे, कान, दात, शेपटीखालचा भाग रोज हाताळायचा. जाळीचं मुसकं घालायची सवयही आत्ताच लावा. ती शिक्षा नव्हे. कधी जखम झाली, डॉक्टरांना जवळ जायचं झालं, तर तेच उपयोगी पडतं.

मारझोड, पाठीवर उलटं पाडून दाबून धरणं, काटेरी पट्टा हे सगळं टाळा. असा कुत्रा गुरगुरणं बंद करतो, म्हणजे चावण्यापूर्वीची सूचना देणंच बंद करतो.

पायरी ६: पाहुणा येतो तेव्हा

दारावर कुणी आलं की गोंधळ सुरू होण्याआधीच कुत्रा ठरलेल्या जागी किंवा बंद खोलीत असला पाहिजे. पाहुणा आत येऊन बसला, घरातलं वातावरण निवळलं, की पट्ट्याला धरून कुत्र्याला आणा. पाहुण्याने त्याच्याकडे टक लावून बघू नये, त्याच्यावर वाकू नये, डोक्यावरून हात फिरवू नये. कुत्रा स्वतःहून हुंगायला आला तर येऊ द्या. तो ताठ झाला, श्वास रोखला, एकटक बघू लागला, तर शांतपणे परत खोलीत न्या. प्रत्येक पाहुण्याशी त्याची ओळख झालीच पाहिजे असं मुळीच नाही.

मुलांच्या बाबतीत नियम एकच: मोठं माणूस समोर नसेल तर मूल आणि कुत्रा एका खोलीत नाहीत, कुत्रा कितीही गरीब स्वभावाचा असला तरी. घरची मुलं ओळखीची असतात, पण त्यांचे मित्र येऊन दंगामस्ती करू लागले की कुत्र्याला तो हल्ला वाटू शकतो.

साधारण ८ महिने ते २ वर्षं या वयात कालपर्यंत सगळ्यांशी खेळणारा कुत्रा अचानक परक्यावर भुंकू लागतो. त्याची राखणदारी जागी होत असते. तेव्हा चिडू नका, पण त्याला शाबासकीही देऊ नका. एक-दोन भुंकण्यांनंतर ‘बघितलं, पुरे’ म्हणून त्याला जवळ बोलवा आणि आल्याबद्दल बक्षीस द्या.

पायरी ७: व्यायाम, ऊन, केस

हाडांची वाढ १८ ते २४ महिने चालते. तोवर उंचावरून उड्या, सतत जिने चढणं-उतरणं, सायकलमागे पळवणं नको. गवतावर मनसोक्त बागडणं चांगलं. नसबंदी कधी करायची हेही वाढ लक्षात घेऊन डॉक्टरांशी बोलून ठरवा, फार लवकर करू नये.

उन्हाळ्यात फिरणं पहाटे आणि रात्रीच. जोरजोरात धापा, दाट लाळ, लडखडणं ही उष्माघाताची लक्षणं. अशा वेळी आधी अंगावर भरपूर गार पाणी ओता, पंखा लावा आणि मगच दवाखान्याकडे निघा. दुहेरी केसांच्या कुत्र्याचे केस मुळापासून भादरू नका. आतली गळालेली लव विंचरून काढली तर हवा त्वचेपर्यंत पोहोचते. मास्टिफांच्या सुरकुत्या रोज पुसून कोरड्या ठेवा. ग्रेट पिरनीजच्या मागच्या पायांना दुहेरी अंगठे असतात. ते जमिनीवर घासत नाहीत, म्हणून त्यांची नखं आठवणीने कापा.

पायरी ८: पोटाचा पीळ ओळखा

खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोट वायूने फुगतं आणि स्वतःभोवती फिरतं. रक्तपुरवठा अडतो आणि काही तासांत कुत्रा दगावू शकतो. लक्षणं घरातल्या प्रत्येकाला पाठ हवीत: पुन्हा पुन्हा उमाळे येतात पण उलटी पडत नाही, पोट फुगून टणक होतं, कुत्रा अस्वस्थपणे येरझाऱ्या घालतो, लाळ गाळतो. सकाळपर्यंत वाट बघू नका, घरगुती औषध देऊ नका, लगेच निघा. रात्री शस्त्रक्रिया करणारा दवाखाना कुठे आहे, हे कुत्रा आणायच्या आधीच शोधून ठेवलेलं असावं.

एकाच वेळी भरपूर खाणं आणि घाईघाईने गिळणं यांनी धोका वाढतो. जेवणाच्या आगेमागे धावपळही होऊ देऊ नका. भांडं उंच स्टँडवर ठेवण्याची पद्धत आहे, पण पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात उंच भांड्यांमुळे धोका वाढलेला दिसला होता. जठर पोटाच्या भिंतीला आतून शिवून ठेवण्याची शस्त्रक्रिया आगाऊ करून घेता येते. तिच्यानंतर जठर फुगू शकतं, पण पिळण्याची शक्यता अगदी कमी होते. बऱ्याचदा ती नसबंदीच्या वेळीच केली जाते. घराण्यात हा त्रास असेल तर डॉक्टरांशी नक्की बोला.

पायरी ९: म्हातारपण लवकर येतं

सहाव्या-सातव्या वर्षापासूनच या कुत्र्यांना म्हातारं समजायला सुरुवात करा आणि दर ६ महिन्यांनी तपासणी करा. लंगडणं बरेच दिवस टिकलं तर ‘वयाचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नका. महाकाय जातींत हाडाचा कर्करोग इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आढळतो. लवकर दमणं किंवा खोकला हृदयाच्या आजाराचं लक्षण असू शकतं. माणसांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या कधीही देऊ नका, त्यांतल्या काही कुत्र्यांना विषासारख्या आहेत.

गाडीत चढण्यासाठी उतरती फळी घ्या आणि तिची सवय तरुणपणीच लावा. आणि कुत्रा धडधाकट असतानाच दोघांनी मिळून जाड चादरीवर त्याला उचलून गाडीपर्यंत नेण्याचा सराव करा. कोण पुढे धरणार, फाटक कोण उघडणार, मुसकं कुठे टांगलेलं आहे, हे सगळं तेव्हाच ठरवून ठेवा.