रिव्हर्ब नसलेल्या अ‍ॅम्पसाठी रिव्हर्ब पेडल घेताय? या चुका टाळा

रिव्हर्ब पेडल, म्हणजे गिटारच्या आवाजाला घुमारा देणारी पायाने दाबायची छोटी पेटी, कोणतं घेऊ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: अ‍ॅम्प कोणता, आणि त्यावर आवाज फाटतो कुठे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांकडे असतं. दुसऱ्याला बहुतेक जण गप्प होतात, आणि पैसे पाण्यात जातात ते नेमके तिथेच.

रिव्हर्ब नाही म्हणून अ‍ॅम्प कमअस्सल ठरत नाही. फेंडरचा १९५०च्या दशकातला ट्वीड डिलक्स घ्या किंवा मार्शलच्या जेसीएम ८०० मालिकेतला २२०३, दोन्ही नावाजलेले आणि दोन्ही कोरडे. फेंडरने १९६१मध्ये रिव्हर्बची वेगळी पेटीच विकायला काढली, आत खऱ्या स्प्रिंगा असलेली. त्यांच्या अ‍ॅम्पच्या पोटात रिव्हर्ब आला तो १९६३च्या व्हायब्रोव्हर्बपासून. आज नवशिके घेतात ते फेंडर फ्रंटमन १०जी, मार्शल एमजी१० किंवा ऑरेंज क्रश १२ यांच्यातही रिव्हर्ब नसतो. म्हणजे पेडल घ्यायची वेळ बऱ्याच जणांवर येतेच.

फाटक्या आवाजाच्या आधी रिव्हर्ब लावणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा थांबू.

आवाज फाटणं म्हणजेच डिस्टॉर्शन. त्यात आवाजाची शिखरं कापली जातात, त्यामुळे मोठा आवाज आणि बारीक आवाज यांच्यातलं अंतर कमी होतं. रिव्हर्बची शेपटी, म्हणजे सूर थांबल्यावर रेंगाळणारा घुमारा, मुळात बारीकच असते. ती गेनच्या, म्हणजे आवाज फाटेपर्यंत वाढवणाऱ्या भागाच्या, आधी घातली की गेन तिला उचलून मूळ स्वराच्या मांडीला मांडी लावून बसवतो. भरीला, मागच्या कॉर्डची शेपटी रेंगाळत असतानाच पुढची कॉर्ड येते आणि दोन्ही एकदम त्याच गेनमधून जातात. एकत्र फाटल्या की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन दोन्हींपैकी एकाही कॉर्डमध्ये नसलेले सूर तयार होतात. मग गिटारवाला म्हणतो, पेडल चिखल करतंय. पेडल बिचारं त्याचं काम चोख करत असतं.

ऐकून बघायचं असेल तर फ्रंटमन १०जीसारखा छोटा अ‍ॅम्प घ्या. आवाज फाडणारं ओव्हरड्राइव्हचं बटण दाबा, गेन मधोमध ठेवा. गिटार आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये रिव्हर्ब, हॉल (मोठ्या सभागृहासारख्या घुमाऱ्याच्या) मोडवर, मिक्स (मूळ आवाजात किती घुमारा मिसळायचा ते ठरवणारा नॉब) निम्म्यावर. आता ए मायनर वाजवा आणि दोन मात्रांनी एफवर जा. एफ नीट ऐकूच येत नाही, मागचा ए मायनर तिच्यावर बसलेला असतो. मग ओव्हरड्राइव्हचं बटण काढा, अ‍ॅम्प स्वच्छ ठेवा, ड्राइव्ह एखाद्या पेडलमधून घ्या आणि रिव्हर्ब त्या पेडलच्या नंतर जोडा. बाकी नॉब जिथल्या तिथे. दोन्ही कॉर्ड सुट्या ऐकू येतात आणि घुमाराही मागे राहतो.

म्हणून खरेदीआधी अ‍ॅम्प तपासा. मास्टर व्हॉल्यूम असेल तर गेन वाढवा आणि मास्टर अगदी खाली ठेवा. बारीक आवाजातही फाटत असेल तर तो प्रीअ‍ॅम्पमध्ये, म्हणजे अ‍ॅम्पच्या पहिल्या टप्प्यात फाटतोय. मास्टर नसेल आणि व्हॉल्यूम चढवल्यावरच फाटायला लागत असेल, तर प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा शेवटचा टप्पा) दोघांचा त्यात हात असू शकतो. जुन्या ट्वीड अ‍ॅम्पचं बऱ्याचदा असंच असतं.

पुढचे मार्ग यावरून ठरतात. तुम्ही अ‍ॅम्प स्वच्छच वाजवत असाल तर अडचणच नाही, पुढून लावलेलं कोणतंही बरं पेडल चालेल. १९६१ची ती पेटीसुद्धा अ‍ॅम्पच्या आधीच जोडायची असे, आणि सर्फ गिटारचा तो ओला, टपटपता आवाज तिच्यातूनच आला. अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प फाटत असेल आणि मागे इफेक्ट्स लूप (मधेच पेडल जोडता येईल अशी जॅकची जोडी) असेल, तर रिव्हर्ब लूपमध्ये घाला. लूप प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प यांच्यामध्ये असतो, त्यामुळे रिव्हर्ब आपोआप फाटण्यानंतर येतो. जुन्या २२०३सारखा अ‍ॅम्प असेल, फाटणारा आणि बिनलूपचा, तर तडजोड आली. मिक्स कमी, डिके (शेपटी विरायला लागणारा वेळ) लहान, टोन जरा मवाळ, हॉलऐवजी रूम किंवा स्प्रिंग. गिटारचा व्हॉल्यूम नॉब थोडा मागे घेतला की अ‍ॅम्प निवळतो आणि शेपटीही सुटी होते.

रेकॉर्डिंगच करायचं असेल तर पेडलच्या मागे लागू नका. अ‍ॅम्पसमोर माइक लावा, कोरडा आवाज घ्या आणि रिव्हर्ब नंतर सॉफ्टवेअरमध्ये चढवा. पैसे वाचतात आणि निकालही बहुतेक वेळा जास्त चांगला येतो.

जुन्या ट्यूब अ‍ॅम्पला लूप बसवून देणारे कारागीर मिळतात. हे काम स्वतः करायला जाऊ नका. अ‍ॅम्प बंद करून प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक राहू शकतात.

आणखी एक. शूगेझ नावाच्या धूसर, गोंगाटी रॉकचे वादक मुद्दाम फझच्या (आवाज खूप फाडणाऱ्या पेडलच्या) आधी रिव्हर्ब लावतात, कारण त्यांना ती आवाजाची भिंतच हवी असते. तुम्हालाही तीच हवी असेल तर वरचं सगळं विसरा.

लूप मिळाला म्हणून निर्धास्त होणं

लूप दोन प्रकारचे असतात. सीरियल लूपमध्ये सगळा आवाज पेडलमधून जातो, तिथे पेडलचा मिक्स नेहमीसारखा वापरायचा. पॅरलल लूपमध्ये मूळ आवाज अ‍ॅम्पमधूनच सरळ पुढे जातो आणि पेडलचा आवाज त्यात नंतर मिसळतो. अशा लूपपाशी सहसा मिसळण्याचा एक नॉब दिसतो. पॅरलल लूपमध्ये पेडलनेही मूळ आवाज पुढे पाठवला तर तो डिजिटल प्रक्रियेमुळे किंचित उशिरा येतो, पहिल्याशी भांडतो आणि गिटार पोकळ वाजायला लागते. तिथे पेडलचा मिक्स पूर्ण टोकाला न्यायचा किंवा मूळ आवाज बंद करण्याची सोय असलेलं पेडल घ्यायचं. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या हॉल ऑफ फेम २मध्ये त्यासाठी आत एक छोटा स्विच आहे, किल ड्राय नावाचा.

दुसरी भानगड पातळीची. काही लूप लाइन लेव्हलचे असतात, म्हणजे +४ डीबीयू, सुमारे १.२३ व्होल्ट. दुसरी, कमी पातळी −१० डीबीव्हीची, म्हणजे साधारण ०.३२ व्होल्ट. गिटारच्या पातळीसाठी बनवलेल्या पेडलमध्ये +४चा सिग्नल घातला तर पेडलच फाटायला लागतं, आणि लोक अ‍ॅम्पला दोष देतात. लूपजवळ पातळी बदलायचा स्विच असेल तर −१०वर ठेवा.

एक चूक मात्र महागात पडते. अ‍ॅम्पच्या मागचा स्पीकर आउटचा जॅकही त्याच पाव इंची आकाराचा असतो. तो लूपचा सेंड (आवाज पेडलकडे पाठवणारा जॅक) समजून पेडलला जोडला तर पेडल जळू शकतं, आणि ट्यूब अ‍ॅम्प स्पीकरविना चालला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. आधी अ‍ॅम्पच्या पाठीवरची अक्षरं वाचा. मागे अंधार असेल तर मोबाइलचा टॉर्च लावा.

मोड मोजून पेडल निवडणं

बॉसच्या आरव्ही-६वर आठ मोड आहेत. ते घेणारे बरेच जण महिन्याभरात एक-दोन मोडवर स्थिरावतात. जुन्या अ‍ॅम्पची नक्कल हवी तर स्प्रिंग, गाण्यामागे पसारा हवा तर प्लेट किंवा हॉल, बाकीचे कधीमधी. म्हणून माझं मत असं की जो मोड तुम्ही रोज वापरणार, तेवढाच दुकानात कसून ऐका. स्प्रिंगची परीक्षा सोपी आहे: डावा हात तारांवर हलकेच टेकवून त्या मुक्या करा आणि एकच जोरकस फटका मारा. चांगला स्प्रिंग मोड या बिनसुरी फटक्यालाही थरथरत, टपकत उत्तर देतो. साध्या मोडवर नुसता फुस्स घुमारा येतो.

मुख्य म्हणजे आपल्या अ‍ॅम्पवर ऐका. दुकानात बारा इंची स्पीकरवर अवाढव्य वाटलेला हॉल घरच्या सहा इंची स्पीकरवर डबक्यासारखा वाटतो. जमल्यास आपला छोटा अ‍ॅम्प उचलून दुकानात घेऊन जा. लाजायचं कारण नाही.

स्टिरिओचाही मोह असतो. एकच अ‍ॅम्प असेल तर स्टिरिओचे पैसे तूर्त वाया. स्टिरिओ पेडल मोनोत वापरताना केबल त्याच जॅकमध्ये घाला ज्यावर मोनो लिहिलंय. आरव्ही-६वर इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे तो ए जॅक आहे. आवाज अर्धवट किंवा विचित्र येत असेल तर सगळ्यात आधी हेच बघा.

शेवटी, तुम्हाला खरोखर रिव्हर्बच हवाय का? १०० मिलिसेकंदांच्या आसपासचा, एकदाच उत्तर देणारा डिले (आवाज थोड्या वेळाने परत ऐकवणारा इफेक्ट) ट्वीड जातीच्या अ‍ॅम्पवर रिव्हर्बपेक्षा मोकळा वाटतो आणि फाटक्या आवाजातही कमी चिखल करतो. डिले पेडल आधीच घरात असेल तर नवं घेण्याआधी हे करून बघाच.

घरातलं सेटिंग स्टेजवर नेणं

खोलीत एकटे वाजवताना हात आपोआप मिक्स वाढवतो, कारण मागे काहीच वाजत नसतं. बँडबरोबर तेच सेटिंग ठेवलं की गिटार झांजांच्या मागे जाऊन बसते. कार्यक्रम मंगल कार्यालयात असेल तर फरशी आणि उघड्या भिंती फुकटचा रिव्हर्ब देतातच, वर साउंडवाला मिक्सरवर आणखी चढवतो. त्याला आधीच सांगून ठेवा की गिटारचा रिव्हर्ब तुमच्याकडून येतोय.

डिकेसाठी एक हिशेब उपयोगी पडतो. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोके असेल तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, आणि चार ठोक्यांचा बार दोन सेकंदांचा. कॉर्ड दर बारला बदलत असेल तर शेपटी दोन सेकंदांच्या आत विरली पाहिजे. पेडलवर प्री-डिले असेल तर २० ते ४० मिलिसेकंद ठेवा. मूळ सूर आधी ऐकू येतो, घुमारा त्याच्या मागून.

मिळेल तो अडॅप्टर लावणं

डिजिटल रिव्हर्बच्या आत प्रोसेसर असतो आणि तो साध्या ओव्हरड्राइव्हपेक्षा खूप जास्त करंट ओढतो. आरव्ही-६ला सुमारे ९५ मिलिअँपिअर लागतात, हॉल ऑफ फेम २ला १००, स्ट्रायमनच्या बिगस्कायला ३००. करंट कमी पडला तर पेडल सुरूच होत नाही, मध्येच अडखळतं किंवा घरघरतं. पेडलला मागणीपेक्षा जास्त करंट देणारा अडॅप्टर चालतो, पेडल हवा तेवढाच घेतं. व्होल्ट मात्र बरोबर तेच हवेत आणि पोलॅरिटीसुद्धा. बहुतेक पेडलांना मधली पिन निगेटिव्ह लागते. पेडलवरचं छोटं चित्र अडॅप्टरवरच्या चित्राशी ताडून बघा.

एकाच अडॅप्टरवरून डेझी चेनने, म्हणजे अनेक तोंडांच्या एकाच वायरीने, सगळी पेडलं चालवली की डिस्टॉर्शनमधून बारीक शीळ ऐकू यायला लागते. ती बऱ्याचदा रिव्हर्बच्या प्रोसेसरची असते. रिव्हर्बला वेगळा अडॅप्टर द्या किंवा पेडल बॅटरी घेत असेल तर तिच्यावर चालवा. शीळ थांबली तर रिव्हर्ब कायम तसाच वेगळा चालवा, नाहीतर आयसोलेटेड पॉवर सप्लाय (प्रत्येक पेडलला स्वतंत्र वीज देणारा) घ्या.

अमेरिकेहून येणाऱ्या कुणाकडून पेडल मागवलं असेल तर त्याच्या अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट लिहिलंय का बघा. फक्त १२० लिहिलेला अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टवर क्षणात जातो. आणि गुणगुण येते म्हणून अ‍ॅम्पच्या तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन काढायची, हा जॅम रूममधला जुना उपाय जिवावर बेतू शकतो. तो अजिबात करू नका. आधी अ‍ॅम्प आणि पेडलबोर्ड एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डवर लावून बघा.

पेडल बंद केलं की शेपटी तुटते

ही तक्रार बऱ्याचदा ऐकू येते आणि बहुतेक वेळा पेडलमध्ये काही बिघडलेलं नसतं. ट्रू बायपास पेडल बंद केलं की आवाज पेडलच्या सर्किटला पूर्ण वळसा घालून जातो आणि घुमारा तिथल्या तिथे कापला जातो. बफर्ड बायपासमध्ये सर्किट जोडलेलंच राहतं, त्यामुळे शेपटी आपली आपण विरू देता येते. गाण्याच्या मध्येच रिव्हर्ब चालू-बंद करणार असाल तर खरेदीच्या वेळीच हे विचारून घ्या. हॉल ऑफ फेम २मध्ये दोन्ही प्रकारांची सोय आहे, तो स्विच किल ड्रायच्या शेजारीच असतो. अडॅप्टर काढायचा, मागची पट्टी एका नाण्याने उघडायची, स्विच सरकवायचा आणि पट्टी परत लावायची.