हायपो, फुली आणि दुसरा फ्लास्क

बारावीच्या प्रॅक्टिकलला हायपो-एचसीएलचा (म्हणजे सोडियम थायोसल्फेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा) प्रयोग आला की ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात सगळे खूश. टायट्रेशनसारखं एका थेंबाने गुलाबी होण्याचं टेन्शन नाही. कागदावर फुली, फुलीवर हायपोचा फ्लास्क, आम्ल ओता, तयार होणाऱ्या गंधकाने सगळं दुधाळ होऊन फुली दिसेनाशी झाली की स्टॉपवॉच थांबवा. मीही असाच निवांत होतो.

हायपो 50, 40, 30, 20, 10 मिली. पाणी घालून दर वेळी 50 करायचं, वर 10 मिली आम्ल. पहिली तीन रीडिंग झकास: 22, 28, 37 सेकंद. मग धुताना माझा 100 मिलीचा फ्लास्क बेसिनात फुटला आणि मी शेजारच्या टेबलावरचा 250 चा उचलला. 20 मिलीला 81 सेकंद!

नीट समजून घ्या, मला हे उशिरा कळलं. अभिक्रिया संपायला किती वेळ लागतो ते आपण मोजतच नाही. वरून बघताना फुली झाकण्याइतका गंधक नजरेच्या वाटेत कधी जमतो, तेवढंच मोजतो. रुंद बुडात तेच 60 मिली उथळ पसरतं, मग फुली झाकायला गंधक जास्त बनावा लागतो. पाणी घालायला विसरलात तरी उंची बदलते, शिवाय आम्लाची तीव्रताही. म्हणून फ्लास्क एकच, फुली एकच, डोळेही एकाचेच. आणि पडताळा जागेवरच घ्या: हायपोचे मिली गुणिले सेकंद, हा गुणाकार दर वेळी जवळपास सारखाच यायला हवा. माझे 1100, 1120, 1110 आणि मग एकदम 1620.

तापमानाचा भाग सोपा आहे, घाबरू नका. दर 10 अंशांना वेळ साधारण निम्मा होतो. गरम फक्त हायपो करा, 50 अंशांच्या वर नको. पावसाळ्यात खिडक्या बंद असतात आणि सल्फर डायऑक्साइड घशाला लागतो. दमा असेल तर सरांना आधीच सांगा.

मी मात्र त्या 81 च्या जागी सिनियरच्या जर्नलमधून 56 उतरवला. असली जर्नलं रद्दीत घाला. सर म्हणाले, "करून दाखव." हातात तोच मोठा फ्लास्क. लॅबमधल्या काकांनी न बोलता कपाटातून 100 चा काढून दिला. 57 आले.