फुल बॉडी स्कॅनसाठी नागपूर गाठायच्या आधी

कापसाचे पैसे हाती आले की इकडे बरेच जण ठरवतात, "बुढ्याले नागपूरले नेतो अन् एकदाचं सगळं तपासून आणतो." न्या ना बाप्पा, पण आधी फोन लावून पॅकेजमधे नेमकं काय आहे ते विचारा, कारण फुल बॉडी चेकअप म्हणून जे असते त्यात बऱ्याचदा रक्त-लघवी, एक्स-रे अन् सोनोग्राफीच असते, पूर्ण अंगाचा एमआरआय नसतोच.

स्कॅन असलं तर सीटी की एमआरआय ते विचारा. एमआरआयमधे रेडिएशन नाही, सीटीत आहे, अन् छाती-पोटाच्या एका सीटीत छातीच्या शंभरावर एक्स-रेएवढं, मग काही त्रास नसताना काहून घ्यायचं? अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं २०२३ मधे सांगितलं होतं की लक्षणं नसलेल्या माणसाला पूर्ण अंगाचं स्कॅन करा म्हणावं एवढा पुरावा नाही.

आणि स्कॅनमधे बीपी, शुगर, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) दिसत नाही. या तिन्हींची तपासणी गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) फुकट होते, आशाताईला विचारा, तिशीपुढच्यांचा तपासणीचा फॉर्म तीच भरते, बायांची स्तनाची अन् गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी पण त्यातच येते.

घरात कोणी खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खात असेल तर तोंडाच्या कॅन्सरची भीती असते, म्हणून पहिले तोंड पाहा. उन्हात बसवा, चूळ भरायला लावा, आ करायला सांगा. त्याचीच तीन बोटं उभी तोंडात जातात का? मग गाल ओढून आतून पाहा, जीभ वर करून खाली पाहा, खर्रा ठेवतो ती बाजू तर नक्कीच. पांढरा-लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरलेला फोड किंवा बोटं जात नसतील तर "तिखट लागलं असेल" म्हणत बसू नका, सरळ दातांच्या डॉक्टरकडे किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्या.

इतकं करूनही एमआरआय करायचाच असेल तर पेसमेकर, अंगात रॉड-क्लिप असेल तर आधीच सांगा, जोडवी-मंगळसूत्र घरीच ठेवा, फिल्मसोबत सीडी मागून घ्या. रिपोर्टमधे किडनीत साधी सिस्ट (पाण्याची गाठ), थायरॉईडमधे बारकी गाठ असं काहीतरी निघतेच, बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असते, तरी त्याच दिवशी तिथंच पुढच्या टेस्टचे पैसे भरू नका, रिपोर्ट घेऊन आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरला दाखवा.