विमानाच्या देखभालीत टॉर्कचा आकडा कसा वाचावा

मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये एखाद्या नटासमोर ५० ते ७० इंच-पाउंड असे लिहिलेले असते, तेव्हा तो आकडा नट पिळण्यासाठीच्या टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा असतो. आपल्याला खरा हवा असतो तो बोल्टमधला ताण, ज्यामुळे जोडलेले भाग एकमेकांवर घट्ट दाबून राहतात. लावलेल्या टॉर्कपैकी साधारण दहावा हिस्साच हा ताण निर्माण करतो, बाकीचा नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. म्हणून आकड्याशेजारची अट आकड्याइतक्याच काळजीने वाचावी. कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क वंगण लावलेल्या आट्यांवर वापरला, तर टॉर्क रेंच (टॉर्क मोजणारा पाना) बरोबर आकडा दाखवतो आणि बोल्ट मात्र प्रमाणाबाहेर ताणला जातो.

त्या जोडासाठी मॅन्युअलने वेगळा आकडा दिला असेल, तर टॉर्कचा सर्वसाधारण तक्ता बाजूला ठेवावा. एकक नीट पाहावे, कारण १ फूट-पाउंड म्हणजे १२ इंच-पाउंड.

सेल्फ-लॉकिंग नट (आपोआप सैल न होणारा नट) पृष्ठभागाला टेकण्यापूर्वीच फिरताना विरोध करतो. हा विरोध नट टेकण्याच्या बेतात असताना रेंचने मोजावा आणि मॅन्युअलने वेगळे सांगितले नसेल तर दिलेल्या आकड्यात मिळवावा: विरोध १२ इंच-पाउंड असेल, तर वरच्या उदाहरणातील मर्यादा ६२ ते ८२ होते. माझ्या मते घाईत सर्वांत आधी वगळली जाणारी पायरी हीच आहे, आणि ती वगळली की जोड ढिला राहतो.

रेंचला सरळ रेषेत एक्स्टेन्शन (लांबी वाढवणारा जोडभाग) जोडले, तर रेंचची लांबी भागिले एकूण लांबी या प्रमाणात आकडा कमी करावा. रेंच १० इंचांचा आणि एक्स्टेन्शन अडीच इंचांचे असेल, तर १०० इंच-पाउंडांसाठी रेंच ८० वर लावावा. एक्स्टेन्शन रेंचशी काटकोनात असेल, तर मात्र ही दुरुस्ती लागत नाही.

शक्य असेल तिथे बोल्टऐवजी नटच फिरवावा. रेंच हिसका न देता, एकसारखा ओढावा. कॅसल नट (कडेला खाचा असलेला नट) आधी खालच्या मर्यादेपर्यंत आवळून मग त्याची खाच बोल्टमधल्या कॉटर पिनच्या (नट फिरू न देणाऱ्या पिनच्या) छिद्राशी जुळवावी. वरची मर्यादा गाठूनही छिद्र जुळत नसेल, तर नट मागे न फिरवता वॉशर बदलून पाहावा.