गॅबापेन्टिनची गोळी मनाने बंद करू नका
फिट येत असोत वा नसांचं दुखणं असो, बरं वाटलं म्हणून गॅबापेन्टिन एकदम थांबवू नका. अचानक थांबवल्याने फिट येऊ शकते. डॉक्टर डोस निदान आठवडाभर हळूहळू उतरवतात. पावसात पाणी तुंबून लोकल ठप्प झाल्या की घरी पोचायला मध्यरात्र होते, म्हणून माझ्या आईच्या पर्समध्ये २ दिवसांच्या गोळ्या असतातच, स्ट्रिपचा तुकडा नाव आणि एक्स्पायरी दिसेल असा कापलेला. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अ‍ॅसिडिटीचं औषध घेतलंत, तर ही गोळी त्यानंतर २ तासांनी घ्या, नाहीतर अंगी कमी लागते. सुरुवातीला झापड येते, तेव्हा लोकलच्या दारात मुळीच उभं राहू नका. दारू नकोच. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, हे औषध किडनीवाटेच बाहेर पडतं.