मुलाला जास्तीची मदत लागतेय? ठाणे-नवी मुंबईत कुठून आणि कशी सुरुवात करायची

मूल दोन वर्षांचं होऊन गेलं तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, सोसायटीच्या गार्डनमध्ये बाकीची पोरं घसरगुंडीवर आणि आपलं एकटं गेटची कडी उघडबंद करत बसलंय. हे आईच्या लक्षात सगळ्यात आधी येतं आणि घरात मान्य मात्र सगळ्यात उशिरा होतं. "त्याचा बाबा पण साडेतीन वर्षांनी बोलला होता" हे वाक्य घरोघरी तयार असतं. बोलला असेलही. पण त्या वाक्याच्या भरवशावर वर्ष सहज निघून जातं आणि नेमकं तेच वर्ष मदतीचा जास्तीत जास्त उपयोग होण्याचं असतं.

आधीच सांगते, सगळं एका खिडकीवर मिळत नाही. डॉक्टर एकीकडे, थेरपी दुसरीकडे, दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट तिसरीकडे, आणि या तिघांचा आपापसात काही संबंध नसतो, निरोप पोचवायचं काम आईबापांचंच. माझं म्हणणं एवढंच आहे की "ऑटिझम", "जीडीडी" (म्हणजे सगळ्याच बाबतीत वाढ मागे असणं) वगैरे शब्द कागदावर येईपर्यंत थांबून राहू नका. थेरपी आणि कागदपत्रं दोन्ही एकदमच सुरू करा.

स्टेप १ : आधी व्हिडिओ काढा

डॉक्टरांकडे मिळतात दहा-पंधरा मिनिटं आणि तेवढ्यात पोर एकतर झोपतं नाहीतर रडून गोंधळ घालतं, डॉक्टरांना घरातलं मूल दिसतच नाही. म्हणून मिनिटभराचे दोन-चार व्हिडिओ आधीच काढून ठेवा : जेवताना, खेळताना, चालताना, आणि एक असा की मागून, हातात काही न दाखवता नावाने हाक मारलीय. सोबत आरोग्य केंद्रात मिळतं ते माता-बाल संरक्षण कार्ड न्या, लस कधी, वजन किती, सगळं त्यात असतं.

कधी काळजी करायची याचा ढोबळ अंदाज असा. ९ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नाही, १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, १८ महिन्यांपर्यंत चालत नाही, २ वर्षांपर्यंत "पाणी दे", "बाबा ये" अशी स्वतःची दोन शब्दांची जोडी नाही, यातलं काहीही असेल तर दाखवा. येत असलेले शब्द अचानक बंद झाले तर वय काहीही असो, लगेच दाखवा. आणि जाहिराती, कविता घडाघडा म्हणतो पण तहान लागली की हात धरून फ्रिजकडे ओढत नेतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, बरेच आईबाप फक्त कवितांचं सांगतात.

स्टेप २ : कान तपासून घ्या, मग बाकीचं

कुकरची शिट्टी वाजली की दचकतो म्हणजे ऐकू येतंय असं नसतं, मोठा आवाज येत असेल आणि बोलण्यातले बारीक आवाज येत नसतील. ओएई आणि बेरा अशा दोन तपासण्या असतात. बेरा मूल झोपलेलं असताना करतात, त्यामुळे त्या दिवशी रिक्षात झोपू द्यायचं नाही हेच मोठं काम. मोठ्या हॉस्पिटलांच्या कान-नाक-घसा विभागात होतं, आणि वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही केंद्र सरकारची वाचा-श्रवणाची संस्था आहे, तिथे लहान मुलांसाठी अर्ली इंटरव्हेन्शन सेंटरही आहे. ठाण्याहून दादरला बदलून वांद्रे.

स्टेप ३ : सरकारी सोयी आधी बघून घ्या

प्रायव्हेटमध्ये पैसे घालायच्या आधी हे कराच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाची योजना २०१३ मध्ये सुरू झाली, तीसुद्धा पालघरहून, जे तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार त्यात मोफत आहेत. टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. आपलं मूल अंगणवाडीत जात नाही, महागड्या प्लेस्कूलमध्ये जातं, म्हणून हे आपल्यासाठी नाही असं समजू नका, एरियातल्या अंगणवाडी सेविकेला भेटून टीम कधी येणार ते विचारा. टीमला काही शंका आली तर मुलाला डीईआयसीकडे पाठवतात, म्हणजे जिल्हा पातळीचं केंद्र, जिथे मुलांचे डॉक्टर, फिजिओ, ऑडिओलॉजिस्ट, सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर एकत्र असणं अपेक्षित आहे. प्रत्यक्षात एखादी जागा रिकामी असते, त्यामुळे कोण कुठल्या वारी बसतं ते विचारूनच निघा.

नवी मुंबईकरांना जवळ दोन ठिकाणं आहेत. वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, खास दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठी आणि थेरपीसाठी. खारघरला एनआयईपीआयडीचं रिजनल सेंटर आहे. ही बौद्धिक दिव्यांगत्वावर काम करणारी राष्ट्रीय संस्था, मुख्यालय सिकंदराबादला. ठाण्यात महापालिकेची जिद्द शाळा आहे. वेटिंग लिस्ट असेल तर नाव घालून ठेवा, आणि नंबर लागेपर्यंत दुसरीकडे सुरू करा.

स्टेप ४ : थेरपी निवडणं, इथे घाई नको

घोडबंदर रोडला काय नि नेरुळ-खारघरला काय, थेरपी सेंटरचे बोर्ड जागोजागी दिसतात. काही खरंच छान आहेत, काही ठिकाणी नुसते रंगीत बॉल आणि भिंतीवर कार्टून. ओळखायचं कसं? स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो नंबर मागा. ऑक्युपेशनल थेरपी (ओटी, म्हणजे हाताबोटांची आणि रोजच्या कामांची थेरपी) आणि फिजिओथेरपीसाठी महाराष्ट्राची वेगळी कौन्सिल आहे. नंबर विचारला म्हणून ज्याला राग येतो तिथून सरळ निघायचं.

दुसरं, पुढच्या तीन महिन्यांत काय साधायचंय ते लिहून मागा. "डेव्हलपमेंट होईल" हे उत्तर नाही. "चमच्याने स्वतः वरणभात खाईल", "हवं ते बोट दाखवून मागेल", असं मोजता येईल असं पाहिजे. तिसरं, आईबापांना आत बसू देतात का? रोज नाही पण आठवड्यातून एकदा तरी? दार बंद, पाऊण तासाने मूल परत आणि वर "आज मूड नव्हता", एवढाच रिपोर्ट मिळत असेल तर त्या पैशाचं काय झालं ते कळायला मार्ग नाही. कारण आठवड्यातले दोन-तीन तास थेरपिस्टकडे, बाकी सगळा वेळ मूल आपल्याकडेच असतं, खरं काम घरीच होतं.

घरी म्हणजे वेगळा क्लास लावायचा नाही. चांगल्या ओटी मॅडम सांगतात, पोळ्या करताना कणकेचा गोळा त्याच्या हातात द्या, दाबू दे, चिमटे काढू दे, बोटांत ताकद येते. मटार सोलायला बसवा, एक दाणा तुम्ही टाका, एक त्याने टाकायचा, "आता तू" म्हणून थांबायचं. ते थांबणं फार महत्त्वाचं आहे. आपण घाईत असतो, मुलाने मागायच्या आधीच हातात देतो आणि मग बोलायची गरजच उरत नाही. आवडीचा डबा पारदर्शक घ्या, झाकण घट्ट लावा, समोर ठेवा आणि मनात दहा आकडे मोजा. आवाज, खूण, नजर, काहीही आलं की लगेच उघडून द्या.

आणि हो, "सहा महिन्यांत पूर्ण बरा करतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. ऑटिझमसाठी स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये सांगतात, पण आयसीएमआर म्हणजे केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या गाइडलाइन्सप्रमाणे तो मान्य उपचारच नाही, रिसर्च ट्रायलच्या बाहेर देता येत नाही, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत. दागिने गहाण टाकायच्या आधी एवढं लक्षात ठेवा.

स्टेप ५ : यूडीआयडी कार्ड

यूडीआयडी म्हणजे सरकारचं दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, सर्टिफिकेटसोबत मिळतं. "आत्ताच शिक्का कशाला" म्हणून बरेच जण हे पुढे ढकलतात. मला विचाराल तर हा शिक्का नाही, पुढच्या योजनांची चावी आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, ऐकण्या-बोलण्याचं, सगळं येतं. स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा, मुलाचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो, हॉस्पिटल निवडायचं आणि मग तपासणीला जायचं.

आपल्या भागातला घोळ असा की "नवी मुंबई" म्हणून आपण जे बोलतो ते दोन जिल्ह्यांत आहे. दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा आणि खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्हा. फॉर्ममध्ये जिल्हा चुकला तर हॉस्पिटलची यादी चुकीची येते आणि अर्ज लटकतो. आधारवरचा पत्ता गावचा असेल तर अर्जाआधी तो बदलून घ्या. ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलचं नवीन बिल्डिंगचं काम सुरू झाल्यापासून विभाग हलवले होते, तेव्हा कुठल्या गेटला जायचं ते आधी विचारा.

तपासणीच्या दिवशी सकाळी लवकर जा, खाऊ, पाणी, आवडतं खेळणं, आधीचे सगळे रिपोर्ट झेरॉक्ससकट. आणि एक गोष्ट खूप जण उलटी करतात. तिथे आपण मुलाचं कौतुक सांगायला लागतो, "सगळं कळतं त्याला, फक्त बोलत नाही". मूल मदतीशिवाय काय करू शकतं ते खरंखरं सांगा, वाईट दिवस कसा जातो तेही सांगा. ऑटिझमसाठी आयएसएए नावाचं ४० मुद्द्यांचं स्केल वापरतात, त्यातलं बरंचसं तुमच्या उत्तरांवरच भरलं जातं. ४० टक्के किंवा जास्त आलं तर बहुतेक सवलती लागू होतात. पाचच्या आतल्या मुलांना सर्टिफिकेट तात्पुरतं मिळतं, ठरावीक काळाने परत तपासणी. ती तारीख मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.

स्टेप ६ : पैशाचं

हे थोडक्यात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगत्व असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना घ्या, वर्षाला एक लाखापर्यंत कव्हर, हप्ता अगदी किरकोळ. थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो, पण आधी आपण भरायचा आणि मग क्लेम, म्हणून प्रत्येक सेशनची सही-शिक्क्याची पावती घ्या. दरवर्षी रिन्यू करावं लागतं. नोकरदार असाल आणि जुना टॅक्स रिजीम घेतला असेल तर इन्कम टॅक्सच्या ८०डीडी कलमाखाली ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा वर दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची. ही खर्चाच्या बिलांवर नाही, सरसकट असते. कंपनीच्या एचआरला बरेचदा माहीत नसतं. महापालिकेच्या दिव्यांग विभागाच्या मुलांसाठीच्या योजनाही असतात, त्यांचे अर्ज ठरावीक काळातच घेतात, वॉर्ड ऑफिसला चौकशी करत राहावी लागते.

स्टेप ७ : शाळा

ॲडमिशनच्या आधी सहा महिने फिरायला लागा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांमध्ये दिव्यांग मुलं वंचित गटात येतात आणि त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही, ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट पुरतं. चांगला पगार आहे म्हणून फॉर्मच न भरणारे आईबाप पाहिलेत, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. शाळेत गेल्यावर बिल्डिंग बघू नका, वर्गात किती मुलं आहेत, स्पेशल एज्युकेटर पूर्णवेळ आहे की आठवड्यातून एकदा येते, मधल्या सुट्टीत कोण लक्ष ठेवतं, हे विचारा. "आमच्याकडे अशी मुलं घेत नाही" असं तोंडी सांगतात, लेखी देत नाहीत. शांतपणे म्हणा, ईमेलवर कळवा. कायद्याने भेदभाव करता येत नाही, त्यामुळे ईमेल म्हटल्यावर बऱ्याचदा सूर बदलतो.

आणि तुमचं काय

ही स्टेप सगळे शेवटी ठेवतात. थेरपीच्या वेटिंग रूममध्ये बसणाऱ्या आयांचा ग्रुप करा, कुठली शाळा खरंच चांगली, कुठला डॉक्टर धीराने ऐकतो, ही माहिती तिथेच मिळते. मुंबईत उम्मीद ही संस्था २००१ पासून मुलांच्या विकासावर काम करतेय, पालकांसाठीही त्यांचे कार्यक्रम असतात. झोप उडाली, सारखं रडू येतंय असं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

घरात कामं वाटून घ्या, म्हणजे खरंच वाटून : थेरपीला आई नेत असेल तर फाईल, पोर्टल, रिन्यूअल हे बाबांनी बघायचं. आजी-आजोबांना एकदा सेशनला घेऊन जा. थेरपिस्टने समोर बसवून "आजी, मागितल्याशिवाय देऊ नका" सांगितलं की ते पटतं, सुनेने सांगून पटत नाही. मोठी बहीण किंवा भाऊ असेल तर आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त त्याच्यासाठी, तलावपाळीला नाहीतर पाम बीचच्या बाजूला एक चक्कर, आणि त्या वेळात धाकट्याचा विषय काढायचा नाही.