क्रुएल्टी-फ्री साबण मागवायच्या आधी बाटलीत पाणी भरा

सगळ्यात आधी पाणी. साबण नंतर, प्राण्यांवर तपासलं नाही असं सांगणारा सशाचा लोगो नंतर, पैशाचा हिशेब त्याहून नंतर. मागच्या वेळी मी चरबी नसलेला, क्रुएल्टी-फ्री म्हणजे प्राण्यांवर न तपासलेला, हातानं बनवलेला साबण डझनभर मागवला आणि आमच्या बोअरच्या पाण्यात त्याचं दही झालं. केस चिकट, न्हाणीत पांढरा थर, आणि घरात एकच सूर : "काहून बाप्पा, हाच का तुहा दयाळू साबण?" पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या गावांत राहत असाल तर पुढचा परिच्छेद दोनदा वाचा.

पारदर्शक बाटली अर्धी भरा, साध्या साबणाचा चिमूटभर कीस टाका, जोरात हलवा. फेस टिकला तर प्रश्न मिटला. फेस न येता पांढरे कण तरंगले तर पाणी जड आहे. नळ, विहीर, बोअर तिन्ही वेगवेगळे पाहा, शेजाऱ्याच्या पाण्यावर विसंबू नका. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पुन्हा पाहा. खरा साबण पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून साका धरतो, आणि मीठ जास्त असेल तर फेसच धरत नाही. शाम्पू, डिटर्जंट यांचं तसं होत नाही, म्हणून हे कोणाच्या लक्षात येत नाही. खाऱ्या पाण्यात त्यातल्या त्यात खोबरेल तेलाचा साबण फेस देतो, तोच शोधा. कपड्यांसाठी धुण्याचा सोडा टाकला की जडपणा उतरतो, पण खारटपणा सोड्यानं जात नाही. रिठा मात्र जड पाण्यातही साका धरत नाही. डोळ्यांत गेला तर आग होते, तेवढं सांभाळा. आणि रिठ्याचं पाणी गावतळ्यात किंवा नाल्यात ओतू नका, मासे मरतात. प्राण्यांसाठीच हा सगळा खटाटोप चाललाय ना?

घरात आहे ते फेकू नका, संपू द्या. यावर अधिक काही बोलत नाही.

आता लेबल. इथं दोन वेगळे प्रश्न असतात आणि लोक ते एकच समजतात. एक, आत प्राण्याचं काही आहे का. दोन, प्राण्यांवर तपासलं का. हिरवा ठिपका फार तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. साबणावर सोडियम टॅलोएट लिहिलं असेल तर ती जनावराची चरबी. सोडियम पामेट म्हणजे पाम तेल, सोडियम कोकोएट म्हणजे खोबरेल. (खारं पाणी असलेल्यांनी हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा.) लाल रंगासाठी सीआय 75470 असेल तर तो किड्यांपासून काढलेला. लाखही किड्यांचीच, पण पूर्व विदर्भात पळसावर लाख पिकवून लोक पोट भरतात, तिथं मी हट्ट धरत नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

चाचणीचं म्हणाल तर सौंदर्यप्रसाधनं प्राण्यांवर तपासायला आपल्याकडे 2014 सालीच बंदी आली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून तसा माल आयात करायलाही. म्हणून दुकानदार सांगतो, "सगळंच क्रुएल्टी-फ्री आहे." पण कंपनी दुसऱ्या देशात काय करते ते त्याला माहीत नसतं, आणि फिनाईल, भांड्यांचा साबण ही सौंदर्यप्रसाधनं नव्हेत. डब्यावर नुसता ससा छापला म्हणून हुरळू नका, ससा कोणीही काढतो. लीपिंग बनी आणि पेटा यांच्याकडे प्राण्यांवर न तपासणाऱ्या कंपन्यांच्या याद्या असतात, त्यांत कंपनीचं नाव मोबाईलवर शोधा. नेट असतं तेव्हा स्क्रीनशॉट काढून ठेवा, बाजारच्या दिवशी रेंज मिळेलच असं नाही.

खरेदी. पिनकोड टाकून आधी बघा, आमच्याकडे कुरिअर तालुक्यालाच थांबतो. बचत गटाच्या बायांकडून घेतलंत तर उत्तम, त्या सशाच्या डोळ्यांत काही टाकून बघत नाहीत. फक्त विचारा : ताई, तेल कोणतं? की साबणाचा तयार बेस आणून, वितळवून साच्यात ओतता? बेस आणला असेल तर त्याच्या पोत्यावरचं लेबल मागा. ताई रागावतील, रागावू द्या. आणि एकच वडी घ्या. एकच. घरी नेऊन आपल्याच पाण्यात घासा, आठवडाभर आंघोळ करा, मग डझनाचं बोला. सूट आहे म्हणून डझन घ्यायचा मोह मला ठाऊक आहे. आधी पाणी, मग वडी, मग डझन.

सासूबाईंचा लाल दंतमंजनाचा डबा हलवू नका, त्यांचं त्या बघतील.

बाकी पटापट. उंदरांसाठी चिकट पुठ्ठे नकोत, जीव तासन् तास तडफडतो. पिंजरा लावा, धान्याच्या कोठीची भोकं बुजवा. घरात मांजर असेल तर फिनाईलनं पुसलेली फरशी वाळेस्तोवर तिला बाहेर ठेवा. दाढीचा ब्रश आणि भिंत रंगवायचा ब्रश डुकराच्या केसांचा असू शकतो, नायलॉनचा मागा.